एकशे वीस फ्रेमचा धवळा

तुळशीची लग्नं लागली की आमच्या खाडीकाठच्या खारेपाटातले नवे व्हिडिओवाले मला फोन करायला लागतात. प्रश्न एकच असतो. "दादा, स्लो मोशनसाठी कुठला कॅमेरा घेऊ?" हळदींचा सीझन तोंडावर आलेला असतो, मोबाईलवर वीस-पंचवीस व्हिडिओ बघून झालेले असतात, सेन्सर, लेन्स, फ्रेम सगळं तोंडपाठ असतं. त्यांना खरं तर सल्ला नकोच असतो. त्यांनी मनात धरलेला कॅमेराच बरोबर आहे, एवढं माझ्या तोंडून वदवून घ्यायचं असतं. मीही असाच होतो, त्यामुळे मला ते पहिल्या वाक्यातच कळतं. मी विचारतो, "आवाज कसा घेतो तो?" पलीकडचा हसतो. "आवाज कशाला दादा? वर गाणंच टाकायचंय ना." मी फोन ठेवून देतो. मी हल्ली चढलोय, कोणाशी नीट बोलत नाही, असं तालुक्यात बोललं जातं. बोलू देत.

आमच्या आगरी घरांत लग्नापेक्षा हळद मोठी. लग्नाला लोक जेवतात आणि निघतात, हळदीला थांबतात. बेंजो, डीजे, लाल-निळे दिवे, आणि मधोमध पाटावर बसलेला नवरा. त्याच्या अंगावर उडालेली हळद हवेत तरंगत राहिलेली दिसली पाहिजे, ही गिऱ्हाइकाची पहिली अट. मामाचा नाच, नवरीची गिरकी, हातावरून ओघळणारं तेल, सगळं हळू. साधा व्हिडिओ सेकंदाला पंचवीस चित्रं घेतो. एकशे वीस घेतली आणि पंचवीसच्याच चालीनं दाखवली, की एका सेकंदाचे जवळजवळ पाच सेकंद होतात. एवढंच ते गणित आणि त्यावर माझं घर चालतं. या सगळ्यात आवाजाला काडीची किंमत नाही. मांडवातला कल्ला कोणाला हवा असतो? एडिटिंगला बसलो की माझं पहिलं काम ठरलेलं, आवाजाची पट्टी निवडायची आणि डिलीट करायची. मग वर चालू सिनेमाचं गाणं. बारा वर्षं हेच केलं. बोटं आपोआप तिथं जायची.

आणि माझी आई धवळारीण होती.

धवळारीण म्हणजे लग्नातली गाणी गाणारी बाई, पण तेवढं म्हणून भागत नाही. मांडवाची मेढ रोवायची तर तिचं गाणं, घाणा भरायचा तर तिचं, तेल चढवायचं, हळद दळायची, नवरीला वाटेला लावायचं, प्रत्येकाचा धवळा वेगळा. भटजी यायचा तो मुहूर्तापुरता. बाकी सगळं लग्न धवळारीण लावायची. तिनं तोंड उघडेपर्यंत आमच्यात मांडवाला मांडव म्हणत नसत. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. मिठागरावर मीठ ओढताना तिच्या आत्यानं एकेक ओळ पुढे म्हणायची आणि हिनं मागून, असं करत तिला ते सगळं आलं. पुढं ती स्वतः पुढे म्हणायला लागली आणि मागून म्हणायला आमच्याच गावातली एक बाई तिला मिळाली. नात्यानं आमची कोणी नाही, पण आम्ही सगळे तिला काकी म्हणतो. धवळा एकटीनं गायचा नसतो. पुढची ओळ आईची, मागची काकीची. चाळीस वर्षं त्या दोघी एका पाटावर बसून हे करत होत्या.

मी या धंद्यात पडलो तेव्हा धवळ्याचे वाईट दिवस सुरू झालेच होते. यजमान आईला मानानं बोलवायचे, साडी-नारळ द्यायचे, माईक हातात द्यायचे. दहा मिनिटं झाली की डीजेवाला घड्याळ बघायचा. मग कोणीतरी येऊन म्हणायचं, "आजी, बस आता, पोरांना नाचायचंय." आई माईक खाली ठेवायची. मी समोरच असायचो, कॅमेरा घेऊन. तिच्या हातातला माईक, तिच्या मनगटावरच्या हिरव्या बांगड्या, मागे उडणारी हळद, काय फ्रेम मिळायची! ती फ्रेम मी प्रत्येक व्हिडिओत वापरायचो, गिऱ्हाइकं खूष व्हायची. आई काय गातेय ते मी एकदाही ऐकलं नाही. लहानपणापासून कानावर पडत होतं ना, मग ऐकायचं कशाला?

एका पावसाळ्यात तिला दम्यानं धरलं. बरी झाली, पण आवाजातला वरचा भाग गेला. गणपतीत आरतीला ती नुसती टाळ्या वाजवत बसली, तेव्हा मला ते पहिल्यांदा जाणवलं. त्या रात्री नाही, दोन-तीन दिवसांनी, भाकऱ्या थापताना ती मला म्हणाली, "बाला, एकदा माजा सगला गाना घे तुज्या कॅमेऱ्यात. मेढीपासून पाठवनीपर्यंत. डीजे न्हाय, कोन न्हाय. माज्या मागं कोनाला येत न्हाय ते." आईनं माझ्याकडे तोपर्यंत काही मागितलं होतं असं मला आठवत नाही. मी म्हटलं, "जुना कॅमेरा बेकार आहे आई. नवा घेतो, मग तुझं घेतो." नवा तर मला घ्यायचाच होता. जुना सेकंदाला साठच्या वर जात नव्हता आणि शेजारच्या गावातला एकजण एकशे वीसवाला घेऊन माझी गिऱ्हाइकं पळवत होता. पण तिला सांगितलं, तुझ्यासाठी घेतोय. तिनं ते गल्लीत चार बायकांना सांगितलं.

मांडवा बंदरातून लाँच पकडून मुंबईला गेलो. तिथलं एक कॅमेऱ्यांचं दुकान म्हणजे आम्हा व्हिडिओवाल्यांचं देऊळच. काउंटरवर शेठनं दोन कॅमेरे मांडले. एक जाडजूड, दिसायला अगदीच मठ्ठ. पन्नास फ्रेमच्या वर जात नव्हता, पण त्याला बाहेरचा माईक लावायची सोय, कानाला लावून ऐकायची सोय, आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी, सगळं होतं. दुसरा सडपातळ, हातात घेतला की खाली ठेवू नये असा. एकशे वीस फ्रेम, आणि वर एक गोल डायल. डायल एक घर फिरवली की थेट स्लो मोशन, कार्डवर चित्र उतरतं तेच हळू होऊन. घरी जाऊन कॉम्प्युटरवर वेगळं काही करायला नको. शेठनं खालच्या रस्त्यावरची टॅक्सी त्यात टिपून दाखवली. पाण्याच्या डबक्यातून चाक जातंय आणि पाण्याचा एकेक थेंब सुटा होऊन वर उठतोय. माझे डोळेच फिरले.

शेठ प्रामाणिक माणूस होता, हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण पुढं मी कित्येक महिने त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. त्यानं डायलवर बोट ठेवून स्पष्ट सांगितलं होतं, "भाऊ, एक बात ध्यान में रखना. स्लोवर असला ना, तर आवाज बिलकुल नहीं लेता. आवाज पाहिजे तर डायल परत साध्यावर." मी हसलो. माझ्या तोंडून जे निघालं ते अगदी त्या नव्या पोरांसारखंच होतं. "आवाज कोणाला पाहिजे शेठ? आमच्याकडे डीजे असतो."

येताना लाँचच्या कठड्याला टेकून मी समुद्रपक्ष्यांचे व्हिडिओ काढत होतो. त्यांच्या पंखांची प्रत्येक हालचाल वेगळी दिसत होती. मांडव्याला उतरेपर्यंत मी स्वतःला मोठा फिल्ममेकर समजायला लागलो होतो.

पहिल्या दोन-तीन हळदींतच एक अडचण आली. गर्दीत कोणाचं तरी कोपर लागायचं, डायल सरकायची आणि नेमका मोक्याचा नाच साध्या वेगात यायचा. एका गिऱ्हाइकानं त्यावरून भांडण काढलं. मग मी काय केलं, डायल स्लोवर ठेवली आणि तिच्यावरून काळी चिकटपट्टी मारून टाकली. आता कोणाचा बाप ती हलवू शकत नव्हता. सगळ्या सीझनभर ती पट्टी निघाली नाही. हळदीच्या कामाला ते सोयीचंच होतं.

आईचं गाणं घ्यायला वैशाख उजाडला. तोपर्यंत ती मागं लागली नाही, पण दर पंधरा दिवसांनी विचारायची, "तुजा कॅमेरा रिकामा झाला का?" शेवटी दोन लग्नांच्या मधला एक दिवस मोकळा मिळाला. सकाळी बघतो तर ती पहाटेच उठून तयारीला लागलेली. धवळा उगाच गायचा नसतो, लग्न असलं पाहिजे. मांडव नसताना गायलं तर ते गाणं कोणाच्या तरी अंगाला लागतं, असं आमच्याकडे मानतात. म्हणून तिनं परसात उंबराची फांदी रोवली, चार वासे उभे करून वर नारळाची झापं टाकली आणि पाटावर दोन सुपाऱ्या मांडल्या. एकीला पिवळा दोरा, एकीला लाल. "हा नवरा, ही नवरी," ती मला म्हणाली आणि लाजली. सत्तरीतली बाई, हिरवं लुगडं नेसून, दोन सुपाऱ्यांचं लग्न लावायला बसली होती. त्यात हसण्यासारखं मला बरंच काही दिसलं आणि मी हसलोही.

काकी येऊ शकली नव्हती. तिचे गुडघे धरले होते आणि ती चौलला लेकीकडे राहायला गेली होती. मी म्हटलं, "आई, दोन्ही ओळी तूच म्हण ना." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी घाण बोललो होतो. "मागची ओल तिची हाय. मी कशी बोलू?" मग कसं करायचं? तिनं ते आधीच ठरवलेलं होतं. पुढची ओळ म्हणायची आणि मागची ओळ होईल तेवढा वेळ गप्प बसायचं. "तिची जागा मोकली ठेवतंय. कवातरी ती बसून भरंल." मला ते पटलं नाही. एडिटिंगला त्रास, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

झापांमधून उन्हाचे कवडसे तिच्या चेहऱ्यावर पडले होते. मी लेन्स बदलली, तिला थोडं डावीकडे सरकवलं, मागची पाण्याची टाकी चादरीनं झाकली, दोनदा तिची टिकली नीट केली. एवढी काळजी मी कुठल्या नवरीची घेतली नव्हती. सगळं झाल्यावर तिनं विचारलं, "आवाज घेतंय ना यो?" मी कॅमेऱ्यातून डोळाही न काढता म्हटलं, "घेतो गं. तू गा."

ती दीड तास गायली. मध्ये तीनदा थांबली, खोकली, पाणी प्यायली, परत सुरू झाली. कार्ड भराभर भरत होतं, मी बदलत होतो. स्लोवर कार्ड तसंच भरतं, सीझनभर तेच बघत होतो, म्हणून मला काही वेगळं वाटलं नाही. पडद्याच्या कोपऱ्यात माईकवर काट मारलेली एक छोटी खूण होती. ती तर पहिल्या दिवसापासून तिथं होती. शेठनं सांगितलेलं मी विसरलो होतो असं नाही. कोणी विचारलं असतं तर घडाघडा म्हणून दाखवलं असतं. पण माझं सगळं लक्ष उन्हाकडे होतं. पाठवणीच्या धवळ्याला तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी मनात म्हटलं, मिळाली, फ्रेम मिळाली.

संध्याकाळी मी कार्डं डिस्कवर उतरवली आणि कार्डं पुसून दुसऱ्या दिवशीच्या हळदीला नेली. आई म्हणाली, "दाखव की मना. बगू दे कसा आलाय." मी म्हटलं, सीझन संपू दे. सीझन संपला, मग गिऱ्हाइकांचे व्हिडिओ तुंबले होते. आषाढात तिनं परत विचारलं. मग एकदा नुसतं एवढंच म्हणाली, "चौलला काकीला न्हेऊन दाखव, म्हंजे ती तिचा बोलंल." मी हो म्हटलं. उघडून बघायला मला पाच मिनिटं लागली असती. तेव्हा ती होती, आवाज बारीक झाला होता पण होता. परसातला मांडव तर तिनं पावसाआधीपर्यंत उभाच ठेवला होता. हे मला अजूनही पचत नाही आणि पचू नये असंच मला वाटतं.

गौरी यायच्या आठवडाभर आधी ती गेली. दमाच होता.

तेराव्याला घर भरलेलं होतं. कोणीतरी म्हणालं, तिचा व्हिडिओ केला होतास ना, लाव. मी लॅपटॉप टीव्हीला जोडला. आई पडद्यावर आली. तिनं तोंड उघडलं, इतक्या सावकाश, की आधी मला कळेचना. ओठ सुटे होत होते, जीभ वर जात होती, बांगडी मनगटावरून एक बोटभर खाली घसरायला केवढा वेळ घेत होती. आणि घरात पंख्याचा आवाज. कोणीतरी म्हणालं, आवाज वाढव. मी वाढवला. टीव्हीचा आकडा शंभरावर गेला. मग मी कॅमेरा आणला आणि सगळ्यांसमोर डायलवरची ती काळी पट्टी नखानं उचकटली. खाली काय असणार ते मला पट्टी निघायच्या आधीच कळलं होतं.

पाहुण्यांना फारसं काही वाटलं नाही. "काय क्वालिटी आहे!" एक मावसभाऊ म्हणाला. त्यानं त्यातला तुकडा घेतला, वर बासरी टाकली आणि स्टेटसला लावला. शंभर जणांनी हात जोडले.  मीही बारा वर्षं लोकांच्या आयांचं तेच केलं होतं.

मग मी जुन्या डिस्का काढल्या. आई माझ्या समोर कितीतरी मांडवांत गायली होती, तेव्हा तर जुना कॅमेरा होता, तो आवाज घ्यायचा. पण गिऱ्हाइकाला व्हिडिओ दिला की मी दर पावसाळ्यात मूळ शूटिंग उडवून जागा मोकळी करायचो. जे शिल्लक होतं ते तयार व्हिडिओ, त्यात आई होती आणि तिच्यावर सिनेमाची गाणी होती. लोकांच्या मोबाईलमध्ये शोधलं. तिथं ती माईक धरून होती आणि डीजे वाजत होता. माझ्याकडे जेवढी आई आहे, ती सगळी मुकी आहे. मी तिला मुकं केलंय, दुसऱ्या कोणी नाही.

दिवाळीनंतर एक दिवस मोटारसायकलवर लॅपटॉप बांधून मी चौलला गेलो. काकीला चाळीस वर्षांचं सगळं येत असणार, ही एकच आशा उरली होती. सुपारीच्या वाडीत, लेकीच्या ओटीवर काकी गुडघ्याला तेल लावून बसली होती. आईची आठवण काढून थोडी रडली. मी विचारलं, "काकी, तू म्हणून दाखव ना धवळे. मी लिहून घेतो." तिनं मान हलवली. "मना पुढचा न्हाय येत बाला. ती बोलली की माज्या तोंडात येतंय. मी मागची." दोन-तीन सुरुवाती तिनं करून बघितल्या. प्रत्येक वेळी एका ओळीत अडकली आणि कपाळावर हात मारला. मग म्हणाली, "तू घेतलास ना सगला? तुजी आय फोनवर सांगत होती. माजी जागा मोकली ठेवलीय म्हनून. लाव तो."

आवाज नाही हे सांगायची हिंमत मला झाली नाही. मी व्हिडिओ पाचपट वेगानं लावला. पाचपट लावला की हळू केलेलं सगळं फिरून मूळच्या चालीवर येतं, आणि आई अगदी आईसारखी हलायला लागली. काकी सावरून बसली. पदर डोक्यावर घेतला, उजवा हात मांडीवर ठेवला, पाटावर बसायची तशी. आईचे ओठ हलले, एक ओळ झाली, मिटले. आई थांबली. काकीचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. परत एक ओळ, परत आई थांबली. काकी पुढे वाकली, लॅपटॉपला कान लावला, मग माझ्याकडे बघून जरा रागानंच म्हणाली, "आवाज सोड ना बाला. ती बोलल्याबिगर मी कसा बोलू?"

"आवाज नाही, काकी," मी म्हटलं. "मी आवाज घेतलाच नाही."

काकी रागावली नाही, तिला ते खरंच कळत नव्हतं.

"मंग तू घेतलास काय रं?"

पडद्यावर आई मिटल्या ओठांनी काकीच्या ओळीएवढा वेळ थांबली, मग तिनं मान हलवली आणि पुढची ओळ म्हणायला घेतली.